उजवीकडचे चौदा इंच

दुकानाची पायरी चढणारं दर दुसरं गिऱ्हाईक मला एकच प्रश्न विचारायचं, "दीदी, भैया कहाँ हैं?" भैया म्हणजे फ्रेम करणारा माणूस. मी काच कापायची हिरकणी काचेवरून सर्रकन ओढायची, टेबलाच्या कडेवर काच टेकवून दोन तुकडे करायची आणि मग म्हणायची, "बोला." त्यानंतर भैयाची चौकशी कोणी करत नसे.

सदर बाजारातून ब्राह्मणपाऱ्याकडे वळणाऱ्या गल्लीत आमचं फ्रेमचं दुकान होतं. बाबा अकोल्याहून रायपूरला आले आणि त्यांनी ते काढलं. मला भाऊ नाही, आणि माझे यजमान रेल्वेत. त्यांना पट्टी धरूनही सरळ रेघ मारता येत नाही, त्यामुळे वारसाहक्काचा प्रश्नच आला नाही. चौतीस वर्षं मी त्या स्टुलावर बसले. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मलाही द्यावा लागला.

धंदा सांगायला सोपा आहे. चार पट्ट्या, एक काच, पाठीला हार्डबोर्ड आणि मूठभर खिळे. चारही कोपऱ्यांचे सांधे असे बसायला हवेत की नख आत जाऊ नये, एवढंच काय ते अवघड. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावी लागते. पट्टी चित्राची चारी बाजूंनी पाव पाव इंच कड खाते. ते सांगितलं नाही तर आजोबांच्या फोटोतली काठी कुठे गेली म्हणून लोक भांडायला येतात.

बाबांचे नियम दोन. चित्र कापायचं नाही, आणि पाठीवर पेन्सिलीने चित्राचं पूर्ण माप लिहायचं, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणी फ्रेम उघडली तर त्याला अंदाज राहतो. पहिला नियम मी एकदाच मोडला. लग्नाचा ग्रुप फोटो होता, फ्रेम लहान पडत होती. कडेला उभी असलेली बाई कोणी लांबची असेल असं समजून मी दोन इंच उडवले. ती नवरदेवाची आत्या निघाली, आणि लग्न तिनेच जमवलेलं. आत्याबाई स्वतः दुकानात आल्या. "मी कुठाय?" म्हणाल्या. मी त्यांना केराच्या टोपलीतून काढून दिलं. तेव्हापासून कात्री चित्राला लावली नाही.

नवं राज्य झालं आणि रायपूर एकदम राजधानी झालं, तेव्हा आमच्या गल्लीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ऑफिसं नवी, भिंती रिकाम्या. नकाशे, देव, पुढारी, सगळ्यांना फ्रेम हवी. एक हेडक्लार्क पंधरा फोटो घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "दीदी, पीछे कील मत ठोकना. घुमाने वाली क्लिप लगा दो." मी विचारलं, का हो? "फ्रेम वही रहेगी, साहब बदलते रहते हैं." सरकारी नोकरीतला इतका दूरदर्शी माणूस मी नंतर पाहिला नाही.

पण मला खरी मजा यायची ती शृंगाराच्या चित्रांत. लोकांना ती हवीही असतात आणि झाकूनही हवी असतात. आमच्या बाजारातल्या एका सराफाने आरशात बघणाऱ्या बाईचं मोठं चित्र आणलं. त्यांना ते दुकानात लावायचं होतं आणि त्यांच्या मिसेसना चित्रातल्या बाईची कंबर खटकत होती. अशा वेळी आम्ही माउंट लावतो, म्हणजे चित्र आणि पट्टी यांच्या मधली जाड कागदाची चौकट. मी खालून ती चांगली रुंद घेतली, कंबर गडप. आठ दिवसांनी सराफ परत आले. "दीदी, माउंट छोटा करो. पहले कोई देखता नहीं था, अब हर ग्राहक झुक के देखता है."

गंमत अशी की त्या चित्रात आंब्याची मोहोरलेली फांदी होती आणि फांदीवर पोपट होता. त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. बाबांचे एक मित्र संस्कृतचे मास्तर होते. ते संध्याकाळी दुकानात बसून सांगायचे, "जुन्या चित्रात बाईचे कपडे बघू नये, आजूबाजूचं सामान बघावं." पोपट म्हणजे मदनाचं वाहन. आंब्याचा मोहोर हा त्याच्या पाच बाणांतला एक. फुटलेलं डाळिंब, पाण्यातली पक्ष्यांची जोडी, हे सगळं तिच्या मनात काय चाललंय ते सांगायला असतं. पण कंबर झाकायला माझ्याकडे शंभर लोक आले असतील, पोपट झाकायला चौतीस वर्षांत कोणी आलं नाही.

टेंभेकर साहेब तर पोपटाच्या प्रेमातच पडले होते.

मध्य प्रदेशाची वाटणी झाली तेव्हा टेबलं वाटली गेली, फायली वाटल्या गेल्या आणि माणसंही वाटली गेली. हिशेब तपासनीस टेंभेकर असे भोपाळहून आमच्या वाट्याला आले. मूळचे नागपूरचे, विधुर, एकच मुलगी अनघा. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिला काळा दोरा गुंडाळलेला. नवा चष्मा घ्यायचं कोणी सुचवलं की म्हणायचे, "काचा शाबूत आहेत." तेलीबांध्याला तलावाजवळ फ्लॅट घेतल्यावर ते माप घेऊन माझ्याकडे आले.

"ताई, मुलीने चित्र काढलंय. अजून चालू आहे, गुंडाळीतलं थोडंच उघडून दाखवलं. काय काढलंय! खिडकी आणि लोखंडी कपाट यांच्या मधे दोन फूट जागा आहे. त्यात बसलं पाहिजे."

"कपाट थोडं सरकवता येईल?"

"कपाट सरकणार नाही," ते म्हणाले. "त्यात माझे सगळे जुने कागद आहेत. ट्रकमधून उतरवलं तेव्हाच चार माणसं लागली होती."

महिनाभराने अनघा चित्र घेऊन आली. शाळेत ड्रॉइंग शिकवायची. या पिढीतल्या बऱ्याच मुलांसारखी मराठी सगळी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. गुंडाळी उघडण्याआधी तिने दुकानाचं दार लोटून घेतलं.

डावीकडे एक मुलगी व्हरांड्यात उभी. वर मोहोर, मोहोरात पोपट. पायाशी ताटात फोडलेलं डाळिंब. मागे तेलीबांध्याचा तलाव आणि त्यात बदकांची जोडी. एका पायात पैंजण, दुसरं काढून हातात धरलेलं. आणि तिची नजर उजवीकडे, अशी की मी आपोआप उजवीकडे बघितलं.

उजवीकडे कॅरम बोर्ड होता. बोर्डामागे एक तरुण, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोट स्ट्रायकरवर आणि नजर सरळ मुलीकडे. त्या हाताची एकेक शीर, मनगटावरचा एकेक केस तिने बारीक कुंचल्याने काढला होता. लग्नाला माझ्या तेव्हा वीस वर्षं झाली होती, पण यजमानांचं मनगट मी इतक्या बारकाईने कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घरी गेल्यावर पाहिलं. घड्याळाचा पांढरा पट्टा होता, बाकी काही विशेष नव्हतं.

"कोण गं हा?"

"सिद्धार्थ मेश्राम. रेलवे में है, सिग्नल में. बाबा के साथ हर इतवार कैरम खेलता है."

सगळं आडनावातच कळलं. टेंभेकर ब्राह्मण, मेश्राम बौद्ध. दोन्ही घरं विदर्भातली, दोघांच्या घरी एकाच चवीचं वरण, एकाच बोर्डावर दर रविवारी चार डाव. पण बोर्डावरून उठून पंगतीला बसायचं म्हटलं की आपल्या लोकांचं काय होतं ते मी सांगायला नको.

"बाबा को सिर्फ़ लड़की वाली साइड दिखनी चाहिए काकू. पर काटना मत. प्लीज़, कैंची मत लगाना."

"मग हे काढलंसच काहून?"

तिने पोपटाखालच्या मुलीवर बोट टेकवलं. "सिर्फ़ ये साइड बनाई तो वो लड़की अकेली खड़ी थी," ती म्हणाली. "अच्छी नहीं लग रही थी."

छत्तीस इंचांचं चित्र मी बावीस इंचांत बसवलं. एका जाड पुठ्ठ्याची कड घासून गोल केली, त्यावरून उजवीकडचे चौदा इंच घडी न पाडता मागे वळवले, मध्ये पातळ कागद घातला आणि वरून हार्डबोर्ड ठोकला. पुढून बघणाऱ्याला एक मुलगी दिसायची, पोपट, डाळिंब, आणि काही नाही. काम सुरेख झालं. सगळं झाल्यावर हाताला सवय होती म्हणून पाठीवर पेन्सिलीने लिहिलं, चित्र ३६ × २०. चूक केली हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

फ्रेम टांगायला मीच गेले. रविवार होता. मेश्रामनेच माझं स्टूल धरलं. उंच, सावळा, अगदी अदबीने बोलणारा. मी वरून त्याच्या मनगटाकडे बघितलं. चित्र हुबेहूब होतं. त्याने मान वर करून चित्र पाहिलं आणि उजवीकडे ते मुलीपाशीच संपतंय हे पाहून स्टूल आणखी घट्ट धरलं.

"असा मुलगा शोधून सापडायचा नाही ताई," टेंभेकर साहेब त्याच्या पाठीवर थाप मारत मला म्हणाले, आणि तेवढ्यात नागपूरचा फोन आला म्हणून आत गेले. नागपूरचे फोन स्थळांचे असायचे.

त्यानंतर त्या चित्राचं कीर्तन सुरू झालं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला साहेब चित्रासमोर उभं करायचे. "हा पोपट म्हणजे जीवात्मा. हे डाळिंब म्हणजे संसार, दाणे पुष्कळ पण वर कवच एक. ते पैंजण बघा. तिने बंधन काढून हातात घेतलं. वैराग्याची सुरुवात!" वीजबिल घेऊन आलेल्या माणसालाही हे ऐकावं लागलं. तो "हव साहब, हव साहब" करत पायऱ्या उतरला.

सात वर्षं हे चाललं. अनघाची स्थळं यायची आणि जायची. कधी पत्रिका जुळायची नाही, कधी तीच नाही म्हणायची, आणि वडील म्हणायचे, मुलीचा ओढा अध्यात्माकडे आहे, काय करणार. मेश्रामच्याही घरून लग्नाची घाई होती, तोही टाळत होता. बदलीची ऑर्डर दोनदा रद्द करून घेतली, हे मला यजमानांकडून कळायचं. अनघा अधूनमधून दुकानात यायची आणि विचारायची, "काकू, अंदर कागज़ ठीक होगा ना?" मी म्हणायची, ठीक असेल गं. मग ती तिशी ओलांडल्याचं एकदा माझ्या लक्षात आलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही. मी झाकण्याचं काम फार चांगलं केलं होतं.

एकदा फ्रेमची दोरी सैल झाली म्हणून मला बोलावलं, तर तिथे नागपूरहून पाहुणे आलेले. मुलगा, आईवडील आणि सोबत त्याची ऐंशीच्या घरातली आजी. साहेबांचं प्रवचन पोपटापासून सुरू झालं. आजी चिवड्याची बशी मांडीवर ठेवून चित्र बघत होत्या.

"काहून जी, हे पोट्टी तिकडं कोणाकडं पाहून राहिली?"

"अनंताकडे, आजी," साहेब म्हणाले. "त्या परमतत्त्वाकडे."

आजींनी एक शेंगदाणा चघळला. "मले नाही वाटत बा. परमेश्वराले पाहणारी पोट्टी डोळे मिटते. हे तर डोळे फाडून पाहून राहिली. कोणी तरी माणूस हाय तिकडं."

"आजी, ते प्रतीक आहे. पैंजण काढलं म्हणजे..."

"पैंजण बाई कवा काढते, मले शिकवता का?" आजी म्हणाल्या. "चालताना आवाज नको असला का काढते."

मी स्टुलावर होते, तोंडात दोन खिळे धरलेले. कसे गिळले नाहीत माझं मला ठाऊक. अनघा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि तिचा चेहरा ताटातल्या डाळिंबाच्या रंगाचा झाला होता. आजींनी तिच्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि नातवाला म्हणाल्या, "चाल बाबू. हे पोरगी चांगली हाय. पण हे आपली नाही."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी साहेबांनी फ्लॅटचं रंगकाम काढलं. रंगाऱ्यांनी चित्र खाली उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस, त्याच्यासमोर सात वर्षांनी पहिल्यांदा फ्रेमची पाठ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिक्षातून फ्रेम घेऊन दुकानात हजर झाले. खिशातून टेप काढला.

"ताई, पाठीवर छत्तीस लिहिलंय. पुढून मी तीनदा मोजलं, बावीस भरतं. चौदा इंच कुठे गेले?"

"साहेब, दिवाळीची गर्दी आहे. नंतर या ना."

"चौदा इंच, ताई."

"मग अनघाला बोलवा आधी."

"तुम्ही उघडता, की मी उघडू?"

त्यांनी उघडलं असतं तर चित्र फाटलं असतं. मी पक्कड घेतली. एकेक खिळा उपटताना मी सांगत होते की झाकलं मी आहे, जे बोलायचं ते मला बोला. ते ऐकतच नव्हते. हार्डबोर्ड निघाला, पातळ कागद निघाला, आणि मी उजवी बाजू हळूहळू उलगडून टेबलावर सपाट केली.

साहेबांनी आधी मेश्रामकडे बघितलंच नाही. खेळाडू माणूस, नजर बोर्डावर गेली. बोर्डावर लाल राणी आणि एकच काळी सोंगटी उरली होती, दोन्ही कोपऱ्यातल्या भोकाच्या अगदी तोंडाशी.

"हा डाव एका टिचकीचा आहे," ते म्हणाले. "सिद्धार्थ हा सोडत नसतो. मारत का नाही?" मग त्यांनी वर बघितलं. सिद्धार्थ कुठे बघतोय ते बघितलं. मुलगी कुठे बघतेय ते बघितलं. बराच वेळ ते डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे बघत राहिले.

मी म्हटलं, पाणी आणू का? त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चित्राच्या अगदी उजव्या कडेला एक वेताची खुर्ची होती, रिकामी. सात वर्षांपूर्वी मीही ती नीट बघितली नव्हती. खुर्चीच्या हातावर एक चष्मा ठेवलेला, त्याच्या एका काडीला काळा दोरा गुंडाळलेला.

साहेबांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

"मी कुठे गेलो होतो?"

"चहा सांगायला उठला असाल," मी म्हटलं.

"चहासाठी मी डाव सोडून उठत नाही." ते खुर्चीकडेच बघत होते. "फोन आला तरच उठतो. नागपूरचा."

मग ते चित्रावर वाकले. जिथे मी कागद वळवला होता तिथे, दोघांच्या बरोबर मधोमध, एक फिकट रेघ पडली होती, तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही जाईल?"

"नाही साहेब. कागदाला पडलेली रेघ जात नाही. काचेखाली दबली की कमी दिसेल."

त्यांनी मान हलवली आणि चित्र तिथेच टाकून निघून गेले. मी अनघाला फोन केला. ती रडली आणि म्हणाली की बाबा घरी आलेत आणि कोणाशी बोलत नाहीत. चार दिवस गेले. मी चित्र टेबलावरून हलवलं नाही. गिऱ्हाइकांना जुन्या वर्तमानपत्रावर काच कापून देत होते. माझ्या हाताने त्या मुलीचं नुकसान झालं, आधी झाकून आणि मग उघडून, असंच मनात येत होतं.

पाचव्या दिवशी साहेब आले. शर्टाला गंज लागलेला, हाताच्या दोन बोटांना पट्टी, आणि चालणं जरा वाकून.

"ताई, माप लिहा. भिंत आता पावणेपाच फूट आहे."

"पावणेपाच कशी? कपाट..."

"सरकवलं," ते म्हणाले. "चार माणसं लागत नाहीत. आधी आतले कागद काढले, तर मी आणि सिद्धार्थ पुरलो."

मी पेन्सिल घेतली, पण आकडे दिसेनात. पदराने डोळे पुसले आणि छत्तीस लिहिलं. ते माझ्या खांद्यावरून बघत होते.

"पट्टी चारी बाजूंनी पाव पाव इंच खाते म्हणाला होतात ना तुम्ही?"

"हो."

"मग उजवीकडे जपा. माझा चष्मा अगदी कडेला आहे. तो पट्टीखाली जाता कामा नये."

मी चारी बाजूंना माउंट लावला, इतका हलका की चित्राचा केसही झाकला गेला नाही. माझ्या चौतीस वर्षांतली ती सगळ्यात चांगली फ्रेम. लग्न रजिस्टर झालं, जेवण तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये. मेश्रामच्या आईंना चित्र आवडलं, पण मुलाचं नाक जरा चुकलंय म्हणाल्या.

मागच्या महिन्यात मी साहेबांकडे गेले होते. शेजारी नवीन राहायला आलेले एक गृहस्थ चित्रासमोर उभे होते. मला वाटलं, आता जीवात्मा सुरू होणार.

"ही माझी मुलगी," साहेब म्हणाले. "हे जावई. रेल्वेत आहेत, कॅरम उत्तम खेळतात."

"और ये तोता? इसका कोई मतलब होगा?"

साहेबांनी पोपटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तोता है," ते म्हणाले. आणि त्या गृहस्थांना दंडाला धरून उजव्या कडेपर्यंत नेत पुढे म्हणाले, "और ये चश्मा मेरा है."